रांगेचं शेपूट

मतदान केंद्र क्रमांक एकशे सत्त्याऐंशीवर संध्याकाळचे सहा वाजले, आणि ते तसेच वाजलेले राहिले.

सुरुवातीला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सहा वाजता केंद्रावर सगळ्यांनाच काम असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेची दुसरीची खोली. भिंतीवर फळांची नावं, भाज्यांची नावं आणि सगळे ग्रह एकाच आकाराचे काढलेली सूर्यमाला. मधल्या टेबलाशी केंद्राध्यक्ष प्रभाकर नानिवडेकर बसलेले. एरवी ते तालुक्याच्या वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या तराजूंवर शिक्के मारले होते आणि त्याबद्दल त्यांना गंभीर स्वरूपाचा अभिमान होता. त्यांच्या उजव्या हाताला कुंभोजेबाई, त्याच शाळेतल्या शिक्षिका. मतदारयादीतलं नाव शोधून मोठ्यानं पुकारायचं काम त्यांच्याकडे. डाव्या हाताला पाटबंधारे खात्याचे मुजावर. त्यांच्यासमोर वाळूच्या वाटीत रोवलेली शाईची बाटली आणि मशीनचं बटण. भिंतीलगतच्या बाकावर दोन उमेदवारांचे प्रतिनिधी, एक छत्रीचा आणि एक किटलीचा. सकाळी ते एकमेकांकडे बघतही नव्हते. आता एकाच वर्तमानपत्रावर बसले होते.

आता सहा वाजता काय करायचं असतं, तर फाटक बंद करायचं आणि आवारात जेवढी माणसं रांगेत उभी असतील त्यांना चिठ्ठ्या वाटायच्या. चिठ्ठीवर नंबर आणि केंद्राध्यक्षाची सही. ज्याच्या हातात चिठ्ठी त्याला मत, मग कितीही वाजोत. आणि शेवटच्या चिठ्ठीवाल्यानं मत दिल्याशिवाय मतदान संपलं असं म्हणायचं नाही. फक्त एक गोष्ट सांभाळायची. चिठ्ठ्या शेपटाकडून वाटायच्या. रांगेत सगळ्यांत मागं उभा असेल त्याला एक नंबर, त्याच्या पुढच्याला दोन, असं करत दाराकडे यायचं. म्हणजे शेपटाला गाठ बसते आणि मागं कुणी चिकटू शकत नाही. प्रशिक्षणात हे तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा नानिवडेकर खिशातलं एस.टी.चं वेळापत्रक बघत होते.

कारण त्यांना घाई होती. त्यांच्या पत्नीच्या, शशिकलाबाईंच्या, डाव्या डोळ्याची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुटायची होती. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नानिवडेकर जनगणनेच्या ड्यूटीवर होते. पट्टी सुटली तेव्हा समोर डॉक्टरांचा कंपाउंडर गुरसाळे उभा होता. तेव्हापासून शशिकलाबाईंच्या उजव्या डोळ्याला नानिवडेकर थोडेसे गुरसाळ्यासारखे दिसत. त्या तसं बोलून दाखवत नसत, पण वाढताना हात जरा आखडता असे.

"डावा डोळा नवाकोरा आहे," त्यांनी निघताना बजावलं होतं. "त्यानं पहिलं तुम्हाला बघायचं. आता हाही डोळा गेला तर मी तुम्हाला कुठल्या डोळ्यानं बघू?"

म्हणून सहाचा ठोका पडताच नानिवडेकरांनी चिठ्ठ्यांचं पॅड उचललं आणि दारातल्या पहिल्याच माणसाच्या हातात एक नंबर ठेवला.

"सर, शेपटाकडून," कुंभोजेबाई म्हणाल्या.

"इकडून काय नि तिकडून काय, बाई. माणसं तेवढीच."

"फाटक लागत नाहीये पण. माणसं फाटकातच उभी आहेत."

"ती संपली की लागेल."

रांगेत तेव्हा चाळीस माणसं होती. चाळीस चिठ्ठ्या वाटून झाल्या तेव्हा रांगेत चाळीस माणसं होती. ऐंशी वाटून झाल्या तरी चाळीसच, आणि फाटकाबाहेर किती ते दिसत नव्हतं. पॅड शंभराचं होतं. ते संपलं नाही.

सूर्य शाळेच्या पाण्याच्या टाकीवर टेकला होता. तो तिथंच राहिला.

फोन वाजला तेव्हा तीनशे बारा नंबरचा मतदार बोट पुढं करून उभा होता.

"निघालात का?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"नाही अजून. इथं सहा वाजलेत."

"सकाळचे?"

"संध्याकाळचे."

मग शशिकलाबाई म्हणाल्या, "इथं सकाळचे नऊ वाजलेत. डॉक्टर हात धुऊन उभे आहेत."

"इथं कालचे सहा आहेत, शशी."

"मग आवरा ना ते कालचं."

"आवरतोच आहे. डॉक्टरांना म्हणावं, जरा थांबा."

"मी थांबवते. पण त्यांना लग्नाला जायचंय," शशिकलाबाई म्हणाल्या आणि आवाज खाली आणून पुढं म्हणाल्या, "तो गुरसाळे इथंच घुटमळतोय."

नानिवडेकरांनी खिडकीतून पाहिलं. कुंपणाच्या पलीकडे खरंच सकाळ होती. दूधवाला चालला होता. त्याची सायकल शाळेच्या फाटकासमोर आली तेव्हा चाकाला संध्याकाळ लागली आणि पुढं गेल्यावर पुन्हा सकाळ झाली. दूधवाल्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. त्याला रतीब घालायचा होता.

आवारात मात्र कुणाला भूक लागत नव्हती, दाढी वाढत नव्हती. दुपारी खाल्लेलं कुंभोजेबाईंचं थालीपीठ सगळ्यांच्या पोटात अजून गरम होतं.

रांग पुढं सरकत होती, याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव पुकारताना कुंभोजेबाई अडखळल्या.

"यादीत तुमच्यापुढं मयत लिहिलंय, आजोबा."

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "वाटेत झालो. पण रांगेत आधीपासून आहे."

"चिठ्ठी आहे?"

"ही काय."

"मग या," कुंभोजेबाई म्हणाल्या, आणि मुजावरांनी त्यांच्या बोटाला शाई लावली. शाई नीट बसली. छत्रीच्या प्रतिनिधीनं आक्षेप घ्यावा की नाही म्हणून किटलीच्या प्रतिनिधीला विचारलं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, आपल्यातलेच दिसतात." कुणातले ते त्यानं सांगितलं नाही.

मग एक बाई कडेवर मूल घेऊन फाटकात दिसली. ती टेबलाशी पोचली तेव्हा मूल तिच्यापेक्षा उंच झालं होतं आणि त्याच्याकडे स्वतःचं ओळखपत्र होतं.

दुसऱ्यांदा फोन आला तो आठव्या दिवशी. म्हणजे शशिकलाबाईंच्या आठव्या.

"डॉक्टर म्हणतात, पट्टी इतके दिवस ठेवत नाहीत. मी म्हटलं, हात तर लावून बघा."

"बरं केलंस."

"आणि निकाल अडकलाय म्हणे सगळ्या देशाचा. कुठल्यातरी एका केंद्रावर मतदानच संपत नाहीये. टीव्हीवर सारखं तेच. कुठलं हो मेलं ते केंद्र?"

"कोण जाणे," नानिवडेकर म्हणाले.

त्यांनी हवालदार तांबव्यांना बोलावलं. तांबवे बंदोबस्ताला होते, म्हणजे दारात खुर्ची टाकून बसले होते.

"तांबवे, मी जरा बाहेर जाऊन रांगेचा शेवट बघून येतो."

"जाता यायचं न्हाई सायेब. मतदान चालू हाय तवर केंद्राध्यक्षानं शंभर मीटरच्या भाईर पाऊल टाकायचं न्हाई. तुमीच सकाळी वाचून दावलं."

"शंभर मीटरच्या आत तर फिरता येईल? ती फक्कीची रेघ बसस्टँडच्या चिंचेपाशी होती. तिथवर गेलं की पुढचं दिसतं."

तांबवे जरा घुटमळले. "रेघ आता हापशापाशी हाय."

"हापशापाशी? हापसा तर तीस पावलांवर आहे."

"मी मोजली न्हवं. शंभर मीटर भरत्यात. मीटरच बारका झालाय."

नानिवडेकर वजनमापांचे माणूस. बारक्या झालेल्या मीटरवर त्यांनी आयुष्यात कितीतरी कापडवाले धरले होते. त्यांनी टेप मागवली, चष्मा वर करून तपासली. टेपवर शिक्का होता, चालू वर्षाचा, त्यांच्याच कार्यालयाचा. शिक्क्याशेजारची बारीक सही त्यांची स्वतःची होती. त्यांनी टेप गुंडाळून परत दिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी हस्तपुस्तिकेच्या शेवटच्या पानावरचा नंबर फिरवला. तो थेट आयोगाचा होता. आयोग कुठं असतो हे नानिवडेकरांना माहीत नव्हतं, पण तो कुणाचंही ऐकत नाही, सरकारचंसुद्धा नाही, हे माहीत होतं. आणि त्याबद्दल त्यांना आदर होता. पलीकडून अतिशय सभ्य आवाज आला.

"आयोग."

"नमस्कार. मी केंद्राध्यक्ष बोलतोय, एकशे सत्त्याऐंशी. माझ्याकडे रांग संपत नाहीये. चूक माझीच आहे. चिठ्ठ्या पुढून वाटल्या."

"आयोग स्वायत्त आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच."

"हो, हो."

"आयोगावर कुणीही दबाव आणू शकत नाही."

"आणूच नये. मला एवढंच विचारायचं होतं की—"

"आणि मतदान सुरू असताना केंद्रावर केंद्राध्यक्ष म्हणजेच आयोग. पान चार पाहावं. साहेब, आपण स्वायत्त आहात. आम्ही आपल्यावर दबाव आणू शकत नाही."

"आणा की थोडा," नानिवडेकर म्हणाले.

"तसं केलं तर मग राहिलं काय?" आवाजाला खरोखर वाईट वाटलं असावं. फोन हलक्या हातानं ठेवला गेला.

नानिवडेकरांनी मग शेवटचा उपाय केला. नोकरीत तोंडी काही होत नसेल तर लेखी देतात. त्यांनी कोरा कागद घेतला आणि माननीय आयोगाला अर्ज लिहिला: पत्नीचा डावा डोळा, आधीचा उजवा डोळा, कंपाउंडर, सगळं सविस्तर. शेवटी, 'तरी मला कार्यमुक्त करावे ही नम्र विनंती.' पाकिटात घालून तांबव्यांकडे दिला. तांबवे पुढच्या दारानं गेले आणि मागच्या दारानं आत आले.

"आयोगाला द्यायचं म्हणालावता," ते म्हणाले आणि त्यांनी पाकीट नानिवडेकरांच्या टेबलावर ठेवून सलाम ठोकला.

पाकीट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नानिवडेकरांनी अर्ज वाचला. अर्जदाराचा सूर त्यांना जरा लाचार वाटला. पण कारण खरं दिसत होतं, आणि त्यांनी मंजूर असं लिहायला पेन उचललं.

"आक्षेप आहे," छत्रीचा प्रतिनिधी उठून उभा राहिला. "अर्जदार तुमच्या घरचा माणूस आहे."

"अहो, मी घरी असतो तर अर्ज कशाला आला असता?"

"ओळखीचा तर आहे?" किटलीवाल्यानं विचारलं. "खरं सांगा साहेब. तुम्ही आयोग आहात."

नानिवडेकरांनी खरं ते सांगितलं. ओळख होती, बरीच जुनी. खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. रांगेतले बघत होते. दारातल्या म्हातारीनं मान उंच केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच नानिवडेकर कुणाचंही ऐकायला बांधलेले नव्हते, आणि आता ऐकायचं तर फक्त एकाच माणसाचं होतं, तेही नेमकं स्वतःचं. कुठलाही स्वाभिमानी आयोग ते करणार नाही. त्यांनी लिहिलं, 'अर्ज फेटाळण्यात येत आहे. अर्जदारास समज देण्यात यावी.'

मग त्यांनी स्वतःला समज दिली. ती त्यांच्या मनाला लागली.

"आता काय, सर?" कुंभोजेबाईंनी विचारलं. त्या चांगल्या बाई होत्या. 'मी सांगितलं होतं' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. फक्त मधूनमधून चष्म्यावरून बघत.

"तांबव्यांना पाठवू. ते पोलीस आहेत, त्यांना शंभर मीटरचं बंधन नाही. तांबवे, हे दुसरं पॅड घ्या. सगळ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून दिल्यात. रांगेच्या कडेकडेनं चालत सुटा. सगळ्यांत शेवटचा माणूस गाठला की त्याच्या हातात एक नंबर ठेवा, म्हणजे शेपटाला गाठ बसेल. पुढं दोन, तीन, करत माघारी या. जुन्या चिठ्ठ्या असतील त्या गोळा करा."

"आन् शेवटच्यानं चिठ्ठी टाकली तर वो?"

"टाकायची नाही. चिठ्ठी हातात आहे तोवर त्याच्या मागं कुणी लागू शकत नाही. हे त्याला बजावून सांगा. टेबलाशी आला की मग द्यायची."

तांबवे टोपी घालून निघाले. पहिला फोन त्यांनी नदीच्या पुलावरून केला. दुसरा तालुक्याच्या बाजारपेठेतून. रांग भांड्यांच्या दुकानातून आत शिरून मागच्या दारानं निघाली होती. दुकानदार म्हणत होता, गिऱ्हाईक समजून सहा महिने पाणी पाजतोय. तिसऱ्या फोनला तांबव्यांचा आवाज थकला होता.

"सायेब, हितली बोली निराळीच लागलीया. ह्यास्नी ठावंबी न्हाई, कशापायी हुबं हायती. एक म्हनतो गॅसची टाकी मिळनार हाय. एक बाई म्हनती, दर्शन हाय कुनाचं तरी."

"तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हनलं मतदान हाय. तर म्हनली, बरं, तेबी चालंल."

इकडे फक्कीची रेघ हापशापासून पायरीपर्यंत आली होती, पायरीवरून उंबऱ्यावर. ती सरकताना कुणी पाहिली नाही. नानिवडेकर नाव तपासायला मान खाली घालत आणि वर बघत, तोवर ती फरशीची एक ओळ आत आलेली असे. आधी ते खिडकीपर्यंत जाऊ शकत होते. मग फळ्यापर्यंत. मग सूर्यमालेपर्यंतही जाता येईना. मुजावर अधूनमधून टेप लावून बघत आणि खेदानं मान हलवत.

"शंभर?" नानिवडेकर विचारत.

"पूर्ण शंभर, साहेब. वर दोन बोटं."

तेव्हा शशिकलाबाईंचा तिसरा फोन आला.

"दिवाळी झाली," त्या म्हणाल्या. "चिवडा उरलाय. ते केंद्र तुमचंच आहे ना?"

"हो," नानिवडेकर म्हणाले.

"मला वाटलंच होतं. जनगणनेतसुद्धा त्या एका घरी तुम्ही तीन तास बसला होतात." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, आणि त्याचंच नानिवडेकरांना वाईट वाटलं. "डॉक्टर म्हणतात, आता उशीर केला तर डोळा उजेड विसरतो. अजून सात-आठ महिने फार तर. म्हणून मीच येते."

"तुझं नाव या केंद्रावर नाही. तुला कुणी आत सोडणार नाही."

"मत कोण देतंय? मी रांगेत उभी राहते. रांग आहे म्हणजे कधीतरी टेबलाशी येणारच. आणि टेबलाशी तुम्ही."

"अगं, पण शेवट कुठं आहे ते कुणालाच—"

"आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे. कालच आलीय इथवर. मी आता चपला घातल्यात."

थोड्या वेळानं तांबव्यांचा फोन आला. ते ओरडतच होते.

"घावलं सायेब! शेपूट घावलं! एक बाईमानूस हाय, डोळ्याला पट्टी. डोक्याभवती गुंडाळलीया, जुन्या पद्धतीची. मागं काळं कुत्रंबी न्हाई!"

नानिवडेकर खुर्चीतून अर्धवट उठले. रेघ होती म्हणून अर्धवटच. "एकटीच आहे?"

"हाताला धरून एक गडी हाय. त्यो म्हनतो, मी रांगेत न्हाई, मी निस्ता सोबतीला. दवाखान्यातला हाय. गुरसाळे."

नानिवडेकर खाली बसले.

"सायेब? चिठ्ठी दिऊ?"

"द्या," नानिवडेकर म्हणाले. "एक नंबर. आणि म्हणावं, हातातून सोडू नकोस."

गाठ बसली. हे सगळ्यांना लगेच कळलं, कसं ते सांगता येणार नाही. उसवत चाललेल्या स्वेटरचा धागा कुणीतरी दाताखाली धरावा तसं झालं. रांग पहिल्यांदाच आखडू लागली. माणसं भराभर येत होती. पुलापलीकडची आली, भांड्यांच्या दुकानातून निघालेली आली, गॅसच्या टाकीची वाट बघणारे मत देऊन पुन्हा टाकीबद्दल विचारून गेले. मुजावरांचा हात शाईनं मनगटापर्यंत जांभळा झाला. तांबवे परत आले, त्यांनी फाटक लावून घेतलं आणि फाटकाला पाठ टेकून उभे राहिले. आता आवारात वीस माणसं होती. मग नऊ. मग तीन.

फक्कीची रेघ नानिवडेकरांच्या खुर्चीच्या चारी पायांना लागून गोल झाली होती. ते पाय जवळ घेऊन बसले होते.

मग दारात शशिकलाबाई आल्या. निळी इरकल, पायात घरातल्याच चपला, डोक्याभोवती पांढरी पट्टी, तिच्या एका कडेखाली उजवा डोळा. त्या डोळ्यानं त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि नेहमीप्रमाणे त्यांना तिथं थोडासा गुरसाळे दिसला असावा. कारण त्यांनी चटकन आपल्या शेजारी पाहिलं. तिथं खरा गुरसाळे होता. पांढरा शर्ट, वरच्या खिशात थर्मामीटर, तोंडावर कुणालाही बरं वाटेल असं हसू. माणूस सभ्य होता. त्याच्यावर रागावायची सोयच नव्हती.

"चिठ्ठी नंबर एक," कुंभोजेबाई म्हणाल्या आणि त्यांनी यादी उघडली. नानिवडेकरांनी पेन खाली ठेवलं. नाव नसेल तर तिला टेबलापासूनच परत फिरवावं लागणार होतं. आयोग होते ते. पण यादीच्या शेवटी एक पान होतं, सकाळी नव्हतं ते, आणि त्यावर एकच नाव होतं.

"नानिवडेकर शशिकला प्रभाकर," कुंभोजेबाईंनी मोठ्यानं पुकारलं. "राहणार, रांग. बरोबर आहे सर. सहा महिन्यांच्या वर एका जागी राहिलं की नाव चढतं."

"एका जागी कुठं, सारखी पुढं सरकत होते मी," शशिकलाबाई म्हणाल्या.

"आक्षेप आहे," बाकावरचे दोघे एका आवाजात म्हणाले. आता त्यांच्यात एकच चष्मा होता आणि तो ते आळीपाळीनं लावत. "यादीतल्या फोटोत दोन डोळे आहेत. या बाईंना एकच दिसतोय. ओळख पटली पाहिजे. पट्टी काढायला सांगा."

नानिवडेकरांना वाटलं, उठून दोघांच्या गळ्यात पडावं. तेवढी जागा नव्हती.

"आक्षेप मान्य," ते म्हणाले. त्यांनी खुर्ची जागच्या जागी सरळ केली, म्हणजे चेहरा शशिकलाबाईंच्या अगदी समोर येईल अशी. "मतदाराने पट्टी काढावी."

"मी सोडतो, काकू," गुरसाळे हात पुढं करून समोर आला. बरोबर मधे. टेबल आणि शशिकलाबाई यांच्या बरोबर मधे.

"तुम्ही कोण?" नानिवडेकरांनी विचारलं.

"मी गुरसाळे. ओळखलं नाहीत का साहेब?"

"रांगेत आहात?"

"नाही, सोबतीला."

"चिठ्ठी आहे?"

"नाही."

"मग मतदान कक्षात थांबता येणार नाही. बाहेर व्हा." हा त्यांचा आयोग म्हणून सगळ्यांत ठाम निर्णय होता, आणि त्यात पक्षपाताचा लवलेश नव्हता, किंवा असलाच तर कुणी आक्षेप घेतला नाही.

गुरसाळ्यानं वाईट वाटून घेतलं नाही. "बरोबर आहे, नियम म्हणजे नियम," तो म्हणाला आणि दाराबाहेर गेला.

आता मधे कुणी नव्हतं. शशिकलाबाईंनी पट्टीच्या गाठीला हात घातला. गाठ मागं होती, एका हातानं सुटेना. दुसऱ्या हातात चिठ्ठी होती. आठ कोसांवरून त्यांनी ती सोडली नव्हती. मुठीत तिचा अगदी मऊ कपडा झाला होता.

"आता द्या ती इकडं, आलात ना टेबलाशी," कुंभोजेबाई मायेनं म्हणाल्या.

शशिकलाबाईंनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. कुंभोजेबाईंनी ती चिठ्ठ्या ओवायच्या तारेला अडकवली. शशिकलाबाईंनी दोन्ही हात मागं नेले, गाठ सुटली. त्या एकेक वेढा उलगडू लागल्या.

"हललात तर बघा," त्या म्हणाल्या.

"नाही हलत," नानिवडेकर म्हणाले. हलायला जागाही नव्हती. त्यांनी केस सारखे केले. चेहऱ्यावर जरासं हसू आणलं आणि ते तसंच धरून ठेवलं. मुजावरांनी शाईची काडी बाटलीत बुडवून उचलून ठेवली होती. बाकावरच्या दोघांनी चष्मा आपल्या मधोमध धरला होता. पट्टीचे तीन वेढे राहिले, मग दोन. टाकीवरचा सूर्य, कदाचित भासच असेल, किंचित डगमगल्यासारखा झाला.

दाराबाहेर कुणीतरी घसा साफ केला. गुरसाळे शिस्तीचा माणूस. बाहेर काढल्यावर तो बाहेर गेला होता, आणि आत यायचं तर कसं यायचं हेही त्याला ठाऊक होतं. तो उंबऱ्याशी येऊन सरळ उभा राहिला, हात बांधून, आणि रांगेत लागताना कुणीही विचारतं तसं त्यानं अदबीनं विचारलं,

"शेवटी कोण आहे?"

"मी," शशिकलाबाई म्हणाल्या, "या, माझ्या मागं," आणि शेवटचा वेढा सुटून खांद्यावर पडत असताना, रांगेतल्या माणसानं वळून बघावं तशा त्या मागं वळल्या.